जाडी कोण ठरवणार?

नॉर्वेत गुडब्रान्सडाल खोऱ्याच्या तोंडाशी लिलेहामर नावाचं गाव आहे. तिथल्या थोर ब्यर्कलुंड या सुताराने २७ फेब्रुवारी १९२५ रोजी एका अवजाराचं पेटंट घेतलं. अवजार अगदी साधं. एक मूठ, मुठीला जोडलेली पोलादाची पातळ आणि पुढे रुंद होत जाणारी पट्टी, पट्टीत एक आडवी फट आणि त्या फटीच्या पलीकडच्या कडेला, मुठीकडे तोंड केलेली धार. चीजच्या तुकड्यावर पट्टी टेकवायची आणि आपल्याकडे ओढायची. फटीतून पातळ काप वर येतो आणि पट्टीवरच आडवा पडतो. तो तसाच उचलून पावावर ठेवायचा. १९२७ पासून लिलेहामरमध्ये त्याचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं. आज नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, नेदरलँड्स या देशांत ते नसलेलं स्वयंपाकघर सापडणं कठीण.

डब्यातलं चीज उन्हाळ्याच्या उकाड्यात मऊ पडलं, ते सुरीने नीट कापता येईना, आणि मग ब्यर्कलुंडची नजर बाकावरच्या रंध्याकडे गेली, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीतला उकाडा खरा असो वा नसो, रंधा मात्र खरा. रंध्याचा तळ सपाट असतो, तळाला फट असते आणि त्या फटीतून पातं किंचित बाहेर डोकावतं. पातं जेवढं बाहेर, तेवढ्याच जाडीचा लाकडाचा छिलका निघतो. सुतार एकदा पातं ठोकून बसवतो आणि पुढे प्रत्येक फेरीला किती कापायचं याचा विचार त्याला करावा लागत नाही. ब्यर्कलुंडने चीजच्या बाबतीत तेच केलं. जाडी ठरवण्याचं काम त्याने माणसाच्या हातातून काढून धातूत बसवलं.

सुरीने काप करताना हात खरं तर दोन कामं करत असतो, कापण्याचं आणि मोजण्याचं. कापणं दिसतं, मोजणं दिसत नाही. ज्याच्या हाताला सवय आहे त्याचे काकडीचे काप एकसारखे पडतात आणि ज्याला नाही त्याचे एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पारदर्शक. सवयीचा हात म्हणजे मोजायला शिकलेला हात. म्हणून स्वयंपाकघरातलं काप करायचं कुठलंही हातातलं अवजार पाहताना मी आधी धारेकडे पाहत नाही, फटीकडे पाहतो. जाडी कोण ठरवणार, हात की अवजार, हा रचनाकाराचा पहिला प्रश्न. धातू, धार आणि मूठ यांचे प्रश्न त्याच्या मागून येतात, आणि पहिल्याचं उत्तर चुकलं तर बाकीची उत्तरं कितीही चांगली असून भागत नाही.

हे अवजार नॉर्वेतच का जन्माला आलं, याचंही कारण चीजमध्येच आहे. तिथलं दुपारचं जेवण म्हणजे बहुतेकदा पावाचे उघडे काप आणि त्यावर कशाचा तरी एक थर. पुष्कळदा हा थर 'ब्रुनोस्ट' या तपकिरी चीजचा असतो. चीज करताना दूध फाटून जी निवळी उरते ती तासन्‌तास आटवत राहिलं की तिच्यातली दुग्धशर्करा तपकिरी होते आणि घट्ट, गोडसर वडी तयार होते. १८६३ मध्ये याच गुडब्रान्सडाल खोऱ्यात आन होव या तरुणीने त्या निवळीत साय घालून आटवून पाहिली आणि आजच्या ब्रुनोस्टचा प्रकार रूढ झाला. त्यासाठी १९३३ मध्ये, उतारवयात, तिला राजाचं पदकही मिळालं. आपल्यापैकी कुणी ते पहिल्यांदा चाखलं तर बेळगावचा कुंदा आठवेल. तो सुरीने पातळ कापायचा म्हटलं तर काय होईल, याची कल्पना करून पाहावी.

काप करताना जोर तीन ठिकाणी खर्ची पडतो. पदार्थ फाटून नवा पृष्ठभाग तयार व्हावा लागतो, त्यासाठी एक. सुटलेला काप पात्याच्या अंगावरून वाकून बाजूला व्हावा लागतो, त्यासाठी दुसरा. आणि पात्याचं अंग पदार्थाला घासतं, चिकटतं, त्यासाठी तिसरा. काकडी कापताना हा तिसरा खर्च नगण्य असतो. चीज, खजूर, बर्फी यांच्या बाबतीत तोच सगळ्यांत मोठा होतो. सुरीचं रुंद अंग दोन्ही बाजूंनी चीजमध्ये अडकतं, सुरी खाली जायच्या ऐवजी तुकडाच सरकतो आणि काप तुटतो. ब्यर्कलुंडच्या पट्टीत धार चीजमध्ये शिरते तेव्हा तिच्या वर जाड वडी नसून फक्त एक लवचीक काप असतो. तो फटीतून लगेच बाहेर वळतो, म्हणून पातं दोन्हीकडून आवळलं जात नाही.

या अवजाराची एक मर्यादाही तिथल्या लोकांना चांगली ठाऊक आहे. पट्टी कापाची जाडी सांभाळते, चीजच्या वडीचा आकार सांभाळत नाही. एकाच जागी ओढत राहिलं की वडीला मध्ये खोलगट उतार पडतो आणि दोन्ही कडा उंच राहतात. स्कँडिनेव्हियात याला 'स्कीचा उतार' म्हणतात आणि असा उतार पाडणारा पाहुणा घरच्यांच्या नजरेत भरतो. म्हणजे जाडीचा निर्णय अवजाराने घेतला तरी सगळे निर्णय घेतले असं होत नाही.

आता धारेकडे वळू. पावाच्या लादीवर सुरी नुसती दाबली तर लादी चपटी होते आणि तीच सुरी मागेपुढे ओढली तर सहज खाली उतरते, हे प्रत्येकाने पाहिलेलं असतं. यामागचं गणित इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातले अभियंते टोनी ॲटकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलं. त्यासाठी त्यांनी चेडर चीज आणि सलामी यांच्यावर प्रयोग केले. पुढे २००९ मध्ये ॲटकिन्सनी कापण्याच्या शास्त्रावर एक पूर्ण ग्रंथच लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. पदार्थ फाडायला ठरावीक ऊर्जा लागते. ती सगळी वरून दाबून द्यायची की काही भाग आडवं ओढून द्यायचा, हे आपल्या हातात असतं. पातं खाली जितकं जातं तितकंच आडवंही सरकलं तर वरून लागणारा दाब निम्मा होतो. आडवी चाल खालच्या चालीच्या दुप्पट केली तर दाब पाचव्या हिश्शावर येतो, तिप्पट केली तर दहाव्या हिश्शावर. घर्षण धरलेलं नाही, म्हणून प्रत्यक्षात आकडे थोडे वेगळे येतील. तरी कल बदलत नाही.

दाब कमी होण्याचं महत्त्व मऊ पदार्थांत सगळ्यांत जास्त, कारण मऊ पदार्थ कापला जाण्याआधी चेपतो. हार्वर्ड विद्यापीठातले एल. महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जेलसारख्या मऊ घन पदार्थांवर हेच तपासलं. नुसतं दाबलं तर सगळा ठोकळा विकृत होतो आणि मग केव्हातरी फाटतो. आडवं ओढलं तर धारेजवळच ताण एकवटतो, तिथे चीर लवकर पडते आणि बाकीचा ठोकळा जवळजवळ जसाच्या तसा राहतो. टोमॅटोच्या बाबतीत तर हे दुहेरी लागू होतं. त्याची साल चिवट आणि आत नुसता रस आणि गर. सालीत पहिली चीर पडायच्या आधीच आतला भाग दबून फुटतो. दातेरी धारेच्या सुऱ्या टोमॅटोला चालतात त्या यामुळे. प्रत्येक दात्याच्या टोकाशी दाब एकवटतो आणि ओढताना साल टोचली जाते.

पण हातातल्या लहान अवजाराला या गणितात एक अडचण आहे. आडवी चाल मिळवायला लांबी लागते. पाव कापायची सुरी लांब असते ती त्यासाठीच. बोटभर रुंद पात्याच्या सोलाण्याला किंवा काप काढायच्या किसणीला एवढी लांबी कुठून आणायची? यावर उपाय असा की पातं काटकोनात न बसवता तिरकं बसवायचं. मग भाजी सरळ ढकलली तरी ती धारेवरून थोडी आडवी घसरते आणि ओढल्याचा फायदा आपोआप मिळतो. चांगल्या किसणीचं पातं तिरकं असतं किंवा दोन पाती बाणाच्या टोकासारखी जुळवलेली असतात, त्याचं कारण हे आहे. सरळ आडवं पातं बसवणं कारखान्याला स्वस्त पडतं, आणि अशा स्वस्त किसणीवर गाजर ढकलताना जो दणका बसतो तो त्या बचतीतून आलेला असतो. बोटं कापली जातात ती बहुधा अशाच दणक्यात, जोर लावता लावता हात अचानक सुटतो तेव्हा.

धार बोथट असेल तर आणखी एक शिक्षा मिळते, ती कांद्याची. कांद्याच्या पेशी फुटल्या की त्यातली वितंचकं कामाला लागतात आणि डोळ्यांना झोंबणारं गंधकयुक्त रसायन तयार होतं. ते तयार करणारं नेमकं वितंचक जपानी संशोधकांनी २००२ मध्ये ओळखलं. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, कांदा कापताना उडणारे सूक्ष्म थेंब वेगवान कॅमेऱ्याने टिपले. बोथट पात्याखाली कांद्याचं आवरण आधी वाकतं, आत दाब साचतो आणि मग चीर पडताच रसाचे थेंब जोरात उडतात. धारदार पात्याने सावकाश कापलं तर थेंब कमी आणि मंद उडतात. आपल्या आयाआज्यांनी सुरी धारेची असावी असा आग्रह धरला, त्याला आता पुरावाही मिळाला आहे.

एवढं समजून घेतल्यावर बाजारात वारंवार येणारं एक स्वप्न तपासता येतं. सगळं कापणारं एकच हातातलं अवजार! खोक्यावर टोमॅटो, अंडं, चीज, काकडी, केळं, पाव यांची रंगीत चित्रं असतात. पदार्थ एकेक करून समोर ठेवले तर हे स्वप्न कुठे अडतं ते दिसतं. काकडी आणि बटाटा कडक आणि पाणीदार, त्यांना फट आणि तिरकं पातं पुरतं. टोमॅटोला दाते हवेत, पण दातेरी पात्याने बटाट्याचा काप खरबरीत येतो. चिकट चीजला पातळ पट्टी किंवा तार हवी. पनीर भुसभुशीत, त्याला तार उत्तम आणि पट्टी निरुपयोगी, कारण काप फटीतून वाकताना मोडतो. पाव हा हवेने भरलेला फेस. त्याला लांब पल्ल्याची ओढ लागते, ती मुठीत मावणाऱ्या अवजारात मिळत नाही. पालेभाजीला तर फट मुळीच चालत नाही. मेथीची पानं सुटी सुटी, ती आधी मुठीत आवळून त्यांची जुडी करावी लागते आणि आवळण्याचं काम फक्त हातच करू शकतो. भेंडीचा चिकट रस फटीत साचतो आणि पुढचा काप अडतो. म्हणजे एका पदार्थाचा गुण दुसऱ्याच्या वाटेतला अडथळा आहे. सगळ्यांसाठी बनवलेलं अवजार प्रत्येकाला थोडंथोडं वाईट कापतं. माझं मत स्पष्ट आहे. पाच पात्यांच्या खोक्यापेक्षा एकेका कामाची दोन साधी अवजारं घरात असावीत.

एकाच पदार्थाचा नीट विचार केला तर किती चांगली रचना होते, याचं उदाहरण म्हणजे उकडलेल्या अंड्याचे काप करणारं अवजार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनच्या विली आबेलने ते बनवलं. अंड्याचा पांढरा भाग लवचीक आणि पिवळा भुसभुशीत. सुरीच्या अंगाला बलक चिकटतो आणि काप फुटतो. आबेलने सुरी बाजूलाच ठेवली आणि चौकटीत ताणलेल्या तारा घेतल्या. तारेला अंग जवळजवळ नसतंच, म्हणून चिकटायला जागा नाही. दोन तारांमधलं अंतर म्हणजे कापाची जाडी. इथेही जाडी अवजाराने ठरवली, आणि सगळे काप एकाच दाबात झाले.

आता साल काढण्याच्या सोलाण्याकडे येऊ. साल काढणं हेही काप करणंच आहे, फक्त अतिशय पातळ आणि वाकड्यातिकड्या पृष्ठभागावरून. स्वित्झर्लंडमध्ये आल्फ्रेड नेवेचेर्झाल यांनी १९४७ मध्ये 'रेक्स' नावाच्या सोलाण्याचं पेटंट घेतलं. ॲल्युमिनियमची एक पट्टी घोड्याच्या नालासारखी वाकवलेली, तिच्या दोन टोकांमध्ये आडवं पातं, आणि बाजूला बटाट्याचे डोळे काढायला एक छोटं कडं. वजन अवघं ११ ग्रॅम. यातली खरी करामत पात्याच्या बसवणीत आहे. ते दोन टोकांवर डुलतं. बटाटा जिथे वळतो तिथे पातंही वळतं, म्हणून सालीचा काप जाड होत नाही आणि गर वाया जात नाही. ब्यर्कलुंडच्या अवजारात जाडी धातूने ठरवली होती. रेक्सने त्याच्या पुढे जाऊन दिशा ठरवण्याचं काम बटाट्यावरच सोपवलं. शिवाय दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे डावखुऱ्यालाही तेच सोलाणं चालतं. एका बाजूलाच धार असलेली जुन्या धाटणीची सोलाणी उजव्या हातासाठीच बनलेली असतात आणि डावखुऱ्या माणसाला ती आयुष्यभर उलटी चालवावी लागतात. स्वित्झर्लंडच्या टपाल खात्याने २००४ मध्ये या सोलाण्याचं तिकीट काढलं. देशाने आपल्या सोलाण्याचा असा मान करावा, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

रेक्सचा एक दोष मात्र राहिला. त्याची मूठ म्हणजे धातूची पातळ पट्टीच. बोटं सशक्त असतील तर ठीक, पण सांधे दुखणाऱ्या हाताला ती पकडताच येत नाही. हाच प्रश्न अमेरिकेतल्या बेट्सी फार्बर यांच्यापुढे आला. दक्षिण फ्रान्समध्ये सुट्टीवर असताना सफरचंदं सोलताना त्यांचे संधिवाताने दुखणारे हात बाजारातल्या सोलाण्याशी झगडत होते. त्यांचे पती सॅम फार्बर हे स्वयंपाकघरातल्या वस्तूंच्या धंद्यातून निवृत्त झालेले. त्यांनी न्यूयॉर्कच्या 'स्मार्ट डिझाइन' या संस्थेला सोबत घेतलं आणि १९९० मध्ये 'ऑक्सो गुड ग्रिप्स' ही अवजारांची मालिका बाजारात आली. ही गोष्ट बराच काळ प्रेमळ नवऱ्याने आजारी बायकोसाठी केलेली सोय अशी सांगितली गेली. बेट्सी यांनी पुढे सांगितलं की हाताला सुखकर मुठीची मूळ कल्पना त्यांची होती. त्या स्वतः रचनेचं शिक्षण घेतलेल्या होत्या. संधिवात लक्षात राहिला आणि त्यांची कल्पकता विसरली गेली, याची त्यांना खंत होती. ती खंत इथे नोंदवणं मला आवश्यक वाटतं, कारण स्वयंपाकघरातल्या रचनेच्या इतिहासात बायकांच्या बाबतीत हे पुष्कळदा झालं आहे. रोज कापणारा हात एकाचा आणि पेटंटवरचं नाव दुसऱ्याचं.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन नेपियर यांनी १९५६ मध्ये हाताच्या पकडीचे दोन मूळ प्रकार सांगितले. हातोडी धरताना सगळी मूठ आवळते ती बळाची पकड आणि पेन धरताना अंगठा व बोटांची टोकं जुळतात ती नेमकेपणाची. सोलाण्याला किंवा चीजच्या पट्टीला दोन्ही थोड्या थोड्या लागतात. ओढायला बळ आणि दिशा द्यायला नेमकेपणा. 'गुड ग्रिप्स'ची मूठ जाड आणि लंबगोल होती. जाड असल्यामुळे बोटं फार आवळावी लागत नाहीत, लंबगोल असल्यामुळे ती हातात फिरत नाही. तिच्या वरच्या टोकाला दोन्ही बाजूंना पातळ पातळ पापुद्रे होते, अंगठा आणि तर्जनी टेकली की ते दबतात. ओल्या हाताला तिथे पकड मिळते आणि बोट नेमकं कुठे ठेवायचं हे न सांगता कळतं. मुठीचं रबरासारखं मऊ साहित्य रचनाकारांना स्वयंपाकघरातच, भांडी धुण्याच्या यंत्राच्या फटी बंद करणाऱ्या पट्ट्यांमध्ये सापडलं, आणि पकडीची कल्पना सायकलच्या हँडलवरून आली. साध्या सोलाण्याच्या तिप्पट किंमत असूनही ते खपलं. संधिवात नसलेल्यांनीही ते घेतलं, कारण दुखऱ्या हाताला जे सोपं, ते धडधाकट हाताला आणखी सोपं.

आपल्याकडे या सगळ्याच्या आधीपासून एक वेगळाच मार्ग होता, विळीचा. मालवणीत तिला आडाळो म्हणतात. बंगालची बोटी त्याच कुळातली. इथे पातं हलत नाही, भाजी हलते. पाटावर पायाचा भार, पातं आपल्याकडे तोंड करून उभं आणि दोन्ही हात भाजीला मोकळे. वर सांगितलेलं आडव्या चालीचं गणित विळीच्या बाकात आधीच बसलेलं आहे. बाकदार धारेवर भाजी ढकलली की ती खालीही जाते आणि धारेवरून घसरतेही. फणस, सुरण, केळफूल, मेथीची जुडी, खोबऱ्याची वाटी, सगळं त्याच एका पात्यावर. टोकाला खवणी असली तर नारळही तिथेच खवून होतो. सगळं कापणारं एकच अवजार हे स्वप्न कुणी खरं केलं असेल तर विळीने. मात्र तिने ते एका अटीवर केलं. जाडी पूर्णपणे हाताने ठरवायची. विळीला फट नाही, म्हणून तिच्यावर बटाट्याचे कागदासारखे काप करणाऱ्या बाईच्या अंगठ्यात वर्षांचा सराव असतो. ओटा आला, उभ्याने स्वयंपाक सुरू झाला आणि विळी बऱ्याच घरांतून मागे पडली. गुडघ्यांच्या दृष्टीने हे बरंच झालं. पण दोन्ही हात मोकळे ठेवणारी तिची सोय ओट्यावरच्या कुठल्याही अवजाराने अजून पूर्णपणे परत दिलेली नाही.

ओट्यावर आली ती किसणी आणि वेफर्सचा स्लायसर. उपवासाच्या बटाट्याच्या वेफर्ससाठी उन्हाळ्यात घरोघरी तो बाहेर निघतो. जाडीचा निर्णय इथे पुन्हा अवजाराकडे गेला आणि त्यासोबत एक धोकाही आला. सुरीच्या कामात बोट कुठे आहे ते डोळा पाहत असतो. स्लायसरवर बटाटा जसजसा संपत जातो तसतसं बोट पात्याजवळ येतं आणि हाताची लय मात्र तीच राहते. इजा होते ती बहुतेकदा शेवटच्या तुकड्याला. कंपन्या सोबत प्लॅस्टिकचा एक पकडणीचा भाग देतात. तो बटाट्यात नीट रुतत नाही, लहान गाजराला बसत नाही आणि दुसऱ्याच दिवशी फडताळाच्या मागे जातो. जे संरक्षण वापरायला कंटाळा येतो ते संरक्षण नसल्यातच जमा आहे, आणि हा दोष वापरणाऱ्याचा मानू नये.

केळ्याच्या वेफर्सच्या दुकानात हा धोका आणखी तीव्र होतो. तिथे कच्चं केळं सोलून स्लायसर थेट कढईवर आडवा धरतात आणि काप सरळ कढत तेलात पडतात. तसं करावं लागतं, कारण ताटात काढून ठेवले तर काप एकमेकांना चिकटतात आणि काळे पडतात. कारागिराचा हात तेलकट, खालून वाफ आणि शिंतोडे, वेग मोठा आणि केळ्याचा शेवटचा तुकडा निसरडा. जाडी एकसारखी हवी, कारण जाड काप आतून मऊ राहतो आणि पातळ करपतो. म्हणजे वर आलेला प्रत्येक प्रश्न, फट, तिरकं पातं, चिकटपणा, मूठ आणि शेवटचा तुकडा, त्या एका कढईवर एकत्र येतो. अवजार मात्र बहुतेक ठिकाणी लाकडी किंवा पत्र्याच्या फळीत बसवलेलं एक पातं, एवढंच असतं.

१९६१ मध्ये स्थापन झालेली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि १९६९ मध्ये सुरू झालेलं पवईच्या आयआयटीतलं डिझाइन केंद्र विद्यार्थी घडवत आहेत. राज्यातल्या कितीतरी अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाला प्रकल्प करावा लागतो. अशा प्रत्येक विद्यार्थ्याला माझी विनंती आहे. नवी किसणी काढण्याआधी एक दुपार केळ्याच्या वेफर्सच्या कढईशेजारी उभं राहा, कारागिराला विचारा, त्याची बोटं पाहा. मग असा स्लायसर बनवा, ज्यावर केळ्याचे शेवटचे दोन सेंटिमीटर कुठलाही वेगळा तुकडा न लावता, वेग कमी न करता, ओल्या आणि तेलकट हाताने सुरक्षित कापता येतील. धातू स्वस्त आहे, पात्याचं गणित माहीत आहे आणि हे काम कुणीतरी हाती घ्यायची वाट पाहत आहे.